सहभाग आणि सहकर्तृत्व : विकलांग व अविकलांग कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय निर्मितीसंबंधी काही विचार

१. विषयप्रवेश

विकलांग आणि अविकलांग कलावंतांनी एकत्र येऊन नाट्य-नृत्यादी प्रयोगकलांत निर्मिती करावी, आणि तीही एका देशाच्या सीमेत न राहता करावी, ही प्रथा गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य रंगभूमीवर हळूहळू रूढ होत गेली आहे. ह्या निर्मितीविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एका प्रकारात कलावंताच्या जिद्दीचे कौतुक असते, दुसऱ्यात समाजाला त्याच्या कर्तव्याचे स्मरण करून दिलेले असते. दोहोंतही मूळ कलाकृती बाजूलाच राहते. ती कशी रचली गेली, तिचे नियम कोणी ठरविले, तिच्यात काय साधले आणि काय फसले, हे विचारण्याची कोणास आवश्यकता वाटत नाही. ज्या कलाकृतीची चिकित्सा करण्यास समीक्षक धजत नाही, तिला तो कलाकृती म्हणून गणतच नाही, असेच वस्तुतः म्हणावे लागते.

म्हणून प्रस्तुत लेखात ह्या निर्मितीकडे निखळ कलाव्यवहार म्हणून पाहण्याचे योजिले आहे. विवेचनाच्या केंद्रस्थानी एकच प्रश्न आहे. ज्यांचे अधिकार मुळातच असमान आहेत असे कलावंत एकत्र येऊन जेव्हा एखादी कृती निर्माण करतात, तेव्हा तिचा कर्ता कोणाला म्हणावयाचे? ह्या प्रश्नाच्या अनुरोधाने चार उदाहरणे क्रमाने घेतली आहेत. पहिल्यात शरीराचा, दुसऱ्यात भाषेचा, तिसऱ्यात दिग्दर्शकाच्या अधिकाराचा आणि चौथ्यात कथावस्तूच्या स्वामित्वाचा प्रश्न प्राधान्याने उपस्थित होतो.

आरंभी परिभाषेविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. मराठीत 'अपंग', 'विकलांग' आणि अलीकडे शासकीय व्यवहारात 'दिव्यांग' असे शब्द प्रचलित आहेत. ह्यांपैकी शेवटच्या शब्दात गौरवाचा हेतू असला, तरी विवेचनासाठी तो अडचणीचा आहे. कारण ज्या उणिवेविषयी बोलावयाचे, तिचेच तो विस्मरण घडवितो. ब्रिटनमधील विकलांगांच्या चळवळीने इ. स. १९७६ मध्ये एक भेद स्पष्टपणे मांडला. शरीरातील न्यूनता ही एक गोष्ट. आणि त्या न्यूनतेचा विचार न करता रचलेल्या समाजव्यवस्थेमुळे माणसावर लादले जाणारे बहिष्करण ही दुसरी. पायऱ्या चढता न येणे ही न्यूनता होय. नाट्यगृहाला पायऱ्यांवाचून दुसरी वाटच नसणे हे अपंगत्व होय. हा भेद ध्यानात ठेवून येथे 'विकलांग' व 'अविकलांग' हे शब्द केवळ वर्णनपर अर्थाने योजिले आहेत.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी संमत केलेल्या विकलांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील तिसावे कलम सांस्कृतिक जीवनासंबंधी आहे. विकलांग व्यक्तींना आपल्या सर्जक, कलात्मक व बौद्धिक शक्तींचा विकास करण्याची संधी मिळावी, आणि ती केवळ त्यांच्या हितासाठी नव्हे, तर समाजाच्या समृद्धीसाठीही मिळावी, असा त्यातील आशय आहे. भारताने हा करार इ. स. २००७ मध्ये अनुसमर्थित केला, इ. स. २०१६ च्या आपल्या कायद्यातही संस्कृती व मनोरंजन ह्यांविषयी स्वतंत्र कलम आहे. 'समाजाच्या समृद्धीसाठी' ह्या शब्दांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. विकलांग कलावंत समाजाला काही देतो असे कराराने गृहीत धरले आहे. तो काय देतो, हे कलाकृतीच्या अभ्यासावाचून कळणार नाही.

२. शरीर आणि नियम

पाश्चात्त्य अभिजात नृत्यात शरीराचा एक ठरीव आदर्श गृहीत असतो. त्या आदर्शाच्या कसोटीवर विकलांग शरीर केवळ अपूर्णच ठरणार. म्हणून विकलांग नर्तकाला रंगमंचावर यावयाचे, तर नृत्याची व्याख्याच आधी पालटणे प्राप्त होते. हे परिवर्तन ज्या अनेक प्रवाहांतून घडले, त्यांत अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन ह्याने इ. स. १९७२ मध्ये आरंभिलेल्या 'काँटॅक्ट इम्प्रोव्हायझेशन' ह्या पद्धतीचे स्थान महत्त्वाचे आहे. ह्या पद्धतीत दोन शरीरांच्या स्पर्शबिंदूतून भाराची देवाणघेवाण होते आणि त्या देवाणघेवाणीतूनच पुढील हालचाल उद्भवते. शरीराचा आकार कसा दिसतो ह्यापेक्षा ते भार कसा देते व घेते, ह्याला येथे महत्त्व असते. साहजिकच ह्या पद्धतीचे द्वार विकलांग नर्तकांना लवकर उघडले. इ. स. १९८६ मध्ये पॅक्स्टन आणि ॲन किल्कॉइन ह्यांनी इंग्लंडमध्ये अंध व डोळस व्यक्तींसाठी ह्याच तत्त्वावर 'टचडाउन डान्स' हे कार्य सुरू केले. पुढील वर्षी अमेरिकेतील ऑरेगन राज्यात अलीटो अलेसी आणि कॅरन नेल्सन ह्यांनी 'डान्सॲबिलिटी'चा आरंभ केला.

ह्या पार्श्वभूमीवर इ. स. १९९१ मध्ये सेलेस्ट डँडेकर आणि ॲडम बेंजामिन ह्यांनी 'कँडोको' ही नृत्यसंस्था इंग्लंडमध्ये स्थापन केली. डँडेकर ह्या 'लंडन कंटेंपररी डान्स थिएटर'च्या नर्तकी होत्या. इ. स. १९७३ मध्ये मँचेस्टर येथे प्रयोग चालू असतानाच झालेल्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि त्यानंतर त्यांना चाकाच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला. कँडोकोने आरंभापासून एक धोरण कटाक्षाने पाळले. आपल्या संस्थेपुरत्या नृत्यरचना करीत न बसता, बाहेरच्या नामवंत रचनाकारांना आमंत्रण द्यावयाचे आणि आपल्या नर्तकांसाठी त्यांच्याकडून रचना करवून घ्यावयाची. रचनाकार कोणत्याही देशाचा असो, त्याला आपल्या ठरीव शरीरकल्पनेचा फेरविचार करणे येथे भाग पडत असे.

ह्या धोरणाचे सर्वांत उद्बोधक फळ म्हणजे अमेरिकन रचनाकार ट्रिशा ब्राऊन हिच्या 'सेट अँड रिसेट' ह्या रचनेचे कँडोकोने इ. स. २०११ मध्ये केलेले पुनर्निर्माण होय. मूळ रचना इ. स. १९८३ ची, तिचे संगीत लॉरी अँडरसन हिचे आणि दृश्ययोजना रॉबर्ट राउशेनबर्ग ह्याची. मूळ नर्तकांनी ही रचना काही थोड्या सूचनांच्या आधारे सिद्ध केली होती. हालचाल साधी ठेवावी. रंगमंचाच्या कडेकडेने राहावे. दिसणे आणि न दिसणे ह्यांचा खेळ करावा. काय करावे हे सुचेनासे झाले तर रांगेत येऊन उभे राहावे. आणि अंतःप्रेरणेने वागावे, अशा स्वरूपाच्या त्या सूचना होत. पुनर्निर्माण करणाऱ्या संचाने मूळ हालचालींतील काही भाग शिकावयाचा आणि ह्याच सूचनांच्या आधारे स्वतःची आवृत्ती घडवावयाची, अशी रीत आहे.

येथे सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाला एक महत्त्वाचा प्रश्न दिसेल. एखाद्या नृत्यकृतीची ओळख कशात असते? ती जर विशिष्ट शरीरांनी धारण केलेल्या विशिष्ट आकृतींत असेल, तर चाकाच्या खुर्चीवरील नर्तकाने केलेली आवृत्ती हे त्या कृतीचे फार तर रूपांतर ठरेल. परंतु ती ओळख जर नियमांच्या व्यवस्थेत असेल, तर ही आवृत्ती मूळ संचाच्या आवृत्तीइतकीच अस्सल ठरते. आपल्याकडे रागसंगीताचे उदाहरण ह्या संदर्भात सहज आठवेल. रागाचे नियम एकच असतात. गळा ज्याचा त्याचा असतो. भारदस्त आवाजाचा गायक आणि बारीक आवाजाची गायिका एकच राग गातात, तेव्हा त्यांपैकी एकाचा राग मूळ आणि दुसऱ्याचा रूपांतरित, असे आपण म्हणत नाही. कँडोकोच्या प्रयोगाने हीच दृष्टी नृत्याच्या क्षेत्रात प्रत्ययास आणून दिली.

३. भाषा आणि परतफेड

बधिर आणि श्रवणक्षम कलावंतांच्या सहयोगात शरीरापेक्षा भाषेचा प्रश्न अधिक बिकट असतो. हातांच्या खुणांची भाषा जगभर एकच आहे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आढळतो. वस्तुस्थिती अशी की संकेतभाषा अनेक आहेत. त्यांना स्वतःचे व्याकरण व स्वतःचा इतिहास आहे, आणि त्यांची कुळे बोलभाषांच्या कुळांशी जुळत नाहीत. ब्रिटन व अमेरिका ह्यांची बोलभाषा एक. पण अमेरिकन संकेतभाषेचे नाते ब्रिटिश संकेतभाषेशी नसून फ्रेंच संकेतभाषेशी आहे.

ह्या नात्याचे मूळ इ. स. १८१६ मधील एका समुद्रप्रवासात आहे. त्या वर्षी थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हा श्रवणक्षम अमेरिकन धर्मोपदेशक आणि लोराँ क्लेर हा पॅरिसच्या बधिरशाळेतील बधिर शिक्षक, असे दोघे फ्रान्सहून अमेरिकेस निघाले. वाटेत क्लेरने गॅलॉडेटला संकेतभाषा शिकविली आणि गॅलॉडेटने क्लेरला इंग्रजी. पुढील वर्षी हार्टफोर्ड येथे त्यांनी काढलेल्या शाळेतून अमेरिकन संकेतभाषेची जडणघडण झाली. तथापि इ. स. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या बधिरशिक्षकांच्या परिषदेने संकेतांऐवजी मौखिक पद्धतीनेच शिक्षण द्यावे, असा ठराव केला. परिषदेच्या मतदारांत स्वतः बधिर असलेले शिक्षक जवळजवळ नव्हतेच. ह्या ठरावानंतर फ्रान्समधील शाळांतून संकेतभाषा जवळपास शतकभर हद्दपार झाली. ज्या भूमीने ती अमेरिकेस दिली, त्याच भूमीवर ती चोरून बोलावयाची भाषा होऊन बसली.

इ. स. १९७६ मध्ये अल्फ्रेडो कोराडो हा अमेरिकन बधिर कलावंत आणि झाँ ग्रेमियाँ हा फ्रेंच श्रवणक्षम दिग्दर्शक ह्यांनी पॅरिसलगतच्या व्हँसेन येथील किल्ल्याच्या बुरुजात 'इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटर' ही संस्था उभी केली, ती ह्या पार्श्वभूमीवर. कोराडो ज्या देशातून आला तेथे संकेतभाषा विद्यापीठीय शिक्षणापर्यंत पोचली होती. बधिर नटांची व्यावसायिक नाट्यसंस्थाही इ. स. १९६७ पासून तेथे कार्य करीत होती. फ्रेंच बधिर तरुणांना त्याच्या ठिकाणी एक अपूर्व दृश्य दिसले. एक बधिर मनुष्य आपल्या भाषेबद्दल यत्किंचितही संकोच न बाळगता तालमी घेत होता आणि निर्णय करीत होता. नाट्यप्रयोगांच्या बरोबरीने व्हँसेन येथे संकेतभाषेचे वर्ग सुरू झाले, तिचा कोश तयार होऊ लागला, आणि पाहता पाहता तो बुरुज फ्रान्समधील बधिरांच्या जागृतीचे एक केंद्र बनला. लहानपणीच ह्या संस्थेच्या सहवासात आलेली एमान्युएल लाबोरी हिला इ. स. १९९३ मध्ये नाट्यक्षेत्रातील प्रतिष्ठेचे मोलिएर पारितोषिक मिळाले. पुढे संस्थेची धुराही तिच्याकडे आली. इ. स. १९९१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये बधिर मुलांच्या द्विभाषिक शिक्षणास मुभा मिळाली, आणि इ. स. २००५ च्या कायद्याने फ्रेंच संकेतभाषेला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. हे सर्व एका नाट्यसंस्थेने घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या चळवळीत ह्या संस्थेचा वाटा मोठा होता, ह्याविषयी दुमत नाही.

ह्या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की येथे बाहेरून येणारा कलावंत हाच विकलांग होता आणि अधिकारपदावरही तोच होता. दुसरी अशी, की सहयोगाचे फळ प्रयोगापुरते उरले नाही. तालीम थांबल्यावरही भाषा तेथेच राहिली. अलीकडच्या काळात ब्रिटनमधील 'ग्रेआय' ह्या नाट्यसंस्थेने केलेल्या कार्याचा विचारही ह्याच अंगाने करता येईल. इ. स. १९८० मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेत संकेतभाषा, लिखित संवाद आणि अंधांसाठीचे दृश्यवर्णन ह्या सोयी प्रयोगाला मागाहून जोडल्या जात नाहीत. तालमीच्या पहिल्या दिवसापासून त्या दिग्दर्शनाचाच भाग असतात. इ. स. १९९७ मध्ये ह्या संस्थेच्या कलादिग्दर्शक झालेल्या जेनी सीली ह्या स्वतः बधिर आहेत. त्यांनी इ. स. २०१६ मध्ये ढाका थिएटरच्या सहकार्याने बांगलादेशातील विकलांग नटांना घेऊन 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा प्रयोग बसविला. अशा तालमीत इंग्रजी, बंगाली आणि संकेतभाषा ह्यांच्यामध्ये दुभाष्यांची साखळीच लागते. त्यामुळे वेळ दुप्पट-तिप्पट लागतो, आणि हा वेळ अंदाजपत्रकात आधीच धरला नसेल, तर त्याची तूट दुर्बल पक्षालाच सोसावी लागते.

४. दिग्दर्शकाचा अधिकार

आता ज्या उदाहरणाकडे वळावयाचे, ते ह्या क्षेत्रातील सर्वांत वादग्रस्त आहे. झुरिक येथील 'थिएटर होरा' ही संस्था मिखाएल एल्बर ह्याने इ. स. १९९३ मध्ये स्थापन केली. तिचे नट बौद्धिक विकलता असलेले, पण व्यवसायाने नट आहेत. ह्या संस्थेने फ्रेंच नृत्यरचनाकार जेरोम बेल ह्याला पाचारण केले, आणि त्या सहयोगातून 'डिसेबल्ड थिएटर' हा प्रयोग इ. स. २०१२ मध्ये ब्रुसेल्स येथे प्रथम सादर झाला. त्याच वर्षी कासेल येथील 'डॉक्युमेंटा' ह्या कलाप्रदर्शनात आणि पुढील वर्षी बर्लिनच्या प्रतिष्ठित नाट्यमहोत्सवात तो दाखविला गेला.

प्रयोगाची रचना अत्यंत साधी आहे. रंगमंचाच्या एका बाजूस दुभाषा बसलेला असतो. कारण बेलला स्विस जर्मन येत नाही. रचनाकाराने नटांना एकामागून एक कोणती कामे सांगितली, ते हा दुभाषा प्रेक्षकांना सांगतो. पहिले काम असे, की प्रत्येकाने एकट्याने येऊन प्रेक्षकांसमोर एक मिनिट उभे राहावयाचे. मग प्रत्येकाने आपले नाव, वय व व्यवसाय सांगावयाचा. 'नट', 'नटी' असा व्यवसाय एकामागून एक उच्चारला जातो, तेव्हा प्रेक्षकाच्या मनातील करुणेला पहिला धक्का बसतो. मग प्रत्येकाने आपली विकलता कोणती ते सांगावयाचे. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या आवडीच्या संगीतावर स्वतः रचलेले नृत्य करावयाचे. परंतु रचनाकाराने त्यांतील उत्तम अशी सातच निवडली आहेत, असे दुभाषा जाहीर करतो, आणि ती सात नृत्ये होतात. पुढे, ह्या प्रयोगाविषयी तुम्हांला काय वाटते, असे नटांना विचारले जाते. वगळल्या गेलेल्यांतून नाराजी व्यक्त होते. एका नटाच्या आईला हा सारा प्रकार विचित्र माणसांच्या प्रदर्शनासारखा वाटला, आणि तरीही तो तिला आवडला, असे तो नट सांगतो. अखेरीस वगळलेली नृत्येही दाखविली जातात.

ह्या प्रयोगावर घेतलेले आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला असा, की येथे विकलता हेच प्रेक्षणीय द्रव्य बनविले आहे. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. प्रश्न विचारणारा, निवड करणारा, वगळणारा आणि शेवटी औदार्याने वगळलेल्यांनाही संधी देणारा, असा सर्वत्र रचनाकारच आहे. नटांच्या नाराजीचाही त्याने प्रयोगात समावेश करून घेतला, म्हणजे ती नाराजीही त्याच्याच रचनेचा भाग झाली. जी तक्रार प्रत्येक प्रयोगात ठरल्या वेळी करावयाची, ती तक्रार राहते की संवाद होते?

हे आक्षेप गंभीर असून त्यांचे पूर्ण निरसन होईल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इतर असंख्य सहयोगांत हीच निवड, हेच वगळणे तालमीच्या बंद दाराआड चालते, आणि प्रेक्षकांपुढे येतो तो केवळ सामंजस्याचा देखावा. बेलने ते वगळणे दाराबाहेर आणून मांडले. दुभाष्याला पडद्याआड न ठेवता रंगमंचावर बसविल्यामुळे, येथे प्रत्येक शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी मुखातून येत आहे, ह्याचेही भान प्रेक्षकाला सतत राहते. बर्लिनच्या महोत्सवात यूलिया हॉयझरमान ह्या डाउन्स सिंड्रोम असलेल्या नटीस उत्कृष्ट तरुण अभिनयाचे आल्फ्रेड केर पारितोषिक देण्यात आले. तेव्हा, जी स्वतःच्याच नावाने रंगमंचावर येते तिच्या करण्यास अभिनय म्हणावे काय, असा वाद माजला. ह्या वादाने अभिनयाच्या व्याख्येलाच हात घातला. रोज रात्री तेच शब्द, तोच विराम, तेच नृत्य नव्याने प्रत्ययकारी करणे ह्याला जर अभिनय म्हणावयाचे नसेल, तर मग कशाला म्हणावयाचे?

ह्या प्रकरणाचा उत्तरार्ध कमी महत्त्वाचा नाही, जरी त्याची वाच्यता कमी झाली आहे. इ. स. २०१३ पासून होरा संस्थेने 'फ्राये रिपुब्लिक होरा' ह्या नावाने एक दीर्घ उपक्रम हाती घेतला. त्यात संस्थेचे नट स्वतःच दिग्दर्शक झाले, आणि अविकलांग सहकाऱ्यांनी कलाविषयक निर्णयांत ढवळाढवळ करावयाची नाही, असा दंडक घातला गेला. ज्यांच्यातून सात निवडले गेले होते, तेच आता निवड करू लागले. 'डिसेबल्ड थिएटर'चे मूल्यमापन ह्या उत्तरार्धासह केले पाहिजे, असे सुचवावेसे वाटते.

५. कथा कोणाची?

चौथे उदाहरण मराठी वाचकाला विशेष निकटचे वाटेल. कारण त्याचा नायक गणेश आहे. ऑस्ट्रेलियातील जिलाँग ह्या नगरात इ. स. १९८७ पासून कार्य करणाऱ्या 'बॅक टू बॅक थिएटर' ह्या संस्थेने ब्रूस ग्लॅडविन ह्याच्या दिग्दर्शनाखाली 'गणेश व्हर्सस द थर्ड राइश' हे नाटक इ. स. २०११ मध्ये मेलबर्न येथे सादर केले. पुढे युरोप-अमेरिकेतही त्याचे प्रयोग झाले. संस्थेचे नट बौद्धिक विकलता असलेले. त्यांच्या जोडीला डेव्हिड वूड्स हा ब्रिटिश नट होता.

नाटकात दोन कथानके परस्परांत गुंफलेली आहेत. पहिले पौराणिक धाटणीचे. नाझींनी बळकावलेले स्वस्तिक हे मंगलचिन्ह परत मिळविण्यासाठी गणेश जर्मनीस जातो. दुसरे कथानक तालमीचे. हेच नाटक बसवू पाहणारा एक नटसंच आणि वूड्सने रंगविलेला त्यांचा अविकलांग दिग्दर्शक ह्यांच्यातील संघर्ष त्यात आहे. हा दिग्दर्शक आरंभी समंजस, लोकशाहीवादी वाटतो. हळूहळू त्याचा संयम सुटत जातो आणि अखेरीस तो हिंसेवर येतो. समोरच्या प्रेक्षागृहाकडे हात करून, तुम्ही येथे विकृत कुतूहलापोटीच आला आहात, असा आरोप तो करतो. शेवटच्या दृश्यात एका नटाला लपंडावाच्या खेळात गुंतवून तो निघून जातो. तो नट टेबलाखाली लपून, कोणीतरी शोधावयास येईल म्हणून वाट पाहत राहतो.

नाझी जर्मनीची योजना येथे सहेतुक आहे. इ. स. १९३९ ते १९४१ ह्या काळात 'टी-४' नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली शारीरिक, मानसिक व बौद्धिक विकलता असलेल्या ७०,००० हून अधिक माणसांची सहा हत्याकेंद्रांत पद्धतशीर हत्या करण्यात आली. आणि ह्या केंद्रांतील माणसे व तंत्र पुढे ज्यूंच्या संहारासाठी वापरण्यात आले. रंगमंचावर उभे असलेले नट त्या काळात, त्या देशात असते, तर त्यांची गणना कोणात झाली असती, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही.

प्रथम प्रयोगापूर्वीच काही हिंदू संघटनांच्या प्रतिनिधींनी, आराध्य दैवताचा असा उपयोग करण्यास आक्षेप घेतला. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हता. दुसऱ्या संस्कृतीतील पूज्य प्रतीक उसने घेण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय कलाव्यवहारात टाळता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नाटकातील नटसंच हीच चर्चा स्वतः करतो. हिटलरची भूमिका कोणी करावी, ज्यूंची व्यथा कोणी मांडावी, आणि दुसऱ्याचे दैवत आपण रंगमंचावर आणावे काय, ह्यावर ते आपसांत हमरीतुमरीवर येतात. नाटकाच्या दृष्टीने हे तिन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत. दुसऱ्याच्या वतीने कोणी बोलावे, हाच तो मूळ प्रश्न; आणि विकलांग माणसाच्या वतीने तर आजवर सर्वांत अधिक इतरच बोलत आले आहेत.

आपल्या परंपरेच्या अंगाने पाहिले तर ह्या योजनेत आणखी एक अर्थ दिसतो. भरताच्या नाट्यशास्त्रात पात्रयोजनेचा विचार करताना देवतांच्या भूमिकेसाठी अविकल, सुघटित अंगांचे नट निवडावेत असे सांगितले आहे. ह्या दंडकानुसार जिलाँगच्या नटाला गणेशाची भूमिका मिळाली नसती. परंतु ज्या देवाची ही भूमिका, त्याची वक्रतुंड, एकदंत, लंबोदर ही नावे रूढ अंगसौष्ठवाला सोडून असलेल्या अवयवांवरूनच पडली आहेत, आणि त्याच नावांनी त्याची पूजा होते. तुटलेला दात लपविण्याची गरज भक्ताला कधी वाटली नाही. ऑस्ट्रेलियन नाटककारांना ह्या नावांचा सूक्ष्मार्थ कितपत अभिप्रेत होता, हा मुद्दा येथे गौण आहे. त्यांच्या नाटकाने आपल्याला आपल्याच परंपरेतील एक विरोध दाखवून दिला, एवढे मात्र खरे. पूजेत जे रूप आपण स्वीकारले, ते माणसांत स्वीकारताना आपण का अडखळतो?

ह्या संस्थेला इ. स. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय इब्सेन पारितोषिक आणि इ. स. २०२४ मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. पण अभ्यासकाने पारितोषिकांपेक्षा एका लहानशा गोष्टीची नोंद घ्यावी. संस्थेच्या इ. स. २०१९ मधील 'द शॅडो हूज प्रे द हंटर बिकम्स' ह्या नाटकाच्या लेखकांत दिग्दर्शक ग्लॅडविनचे नाव नटांच्या नावांबरोबरच, एकाच यादीत आहे. कर्तृत्वाचा प्रश्न येथे केवळ संवादांतून चर्चिला गेला नाही. तो श्रेयनामावलीत सोडविला गेला.

६. समारोप

वरील विवेचनावरून अशा निर्मितीच्या अभ्यासासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली, निर्णयाची. प्रयोगाचे नियम कोणी केले, आणि ते मोडण्याचा अधिकार कोणाला होता? दुसरी, वेळेची. दुभाष्यासाठी, विश्रांतीसाठी, संथ गतीने होणाऱ्या तालमीसाठी लागणारा वेळ मुळातच योजनेत धरला होता काय? पाहुणा दिग्दर्शक ठरलेल्या दिवशी विमानाने परत जातो. स्थानिक नटाच्या आयुष्यात त्यानंतर काय उरते, ह्याचा विचार कोणी केला होता? तिसरी, श्रेयाची. लेखक, रचनाकार, दिग्दर्शक ह्या पदांखाली कोणाची नावे छापली गेली, आणि मानधनाची वाटणी त्या नावांशी जुळते काय?

ह्या कसोट्यांवर वरील चारही उदाहरणे सारख्याच प्रमाणात उतरतात असे नाही. 'डिसेबल्ड थिएटर' पहिल्या कसोटीवर उघडउघड अडखळते. पण आपले अडखळणे ते लपवीत नाही, आणि म्हणूनच त्यातून पुढील वाट निघाली. व्हँसेनचा बुरुज तिसऱ्या कसोटीच्याही पलीकडे जातो; कारण तेथे जे उरले ते कोणा एकाच्या नावावर नाही. केवळ सहभागाने सहकर्तृत्व सिद्ध होत नाही. सहभाग हा आमंत्रणाने मिळतो, आणि आमंत्रण देणारा ते परतही घेऊ शकतो. सहकर्तृत्वात मात्र नकार देण्याचा अधिकार अंतर्भूत असतो.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांना ह्या विषयात पुष्कळ करण्याजोगे आहे. स्वागत थोरात ह्यांनी अंध नटांना घेऊन मराठीत केलेली नाट्यनिर्मिती वर्तमानपत्री कौतुकाचा विषय झाली. परंतु डोळस दिग्दर्शक अंध नटाला रंगमंचाचा भूगोल कसा शिकवितो, आवाजाच्या दिशेवरून व पावलांच्या मोजणीवरून संचलनाची रचना कशी सिद्ध होते, आणि ही रचना डोळस नटांच्या संचलनाहून सौंदर्यदृष्ट्या वेगळी ठरते काय, ह्याचे पद्धतशीर टिपण व्हावयास हवे. दिग्दर्शक आणि नट ह्या दोघांच्याही मुलाखती घेऊन, त्यांची सांगणी शेजारी शेजारी ठेवून हे काम करता येईल. ती दोन सांगणी जेथे एकमेकांशी जुळणार नाहीत, तेथूनच संशोधनाला आरंभ करावा.